तपासणाऱ्याचं नाव

४ मे, रविवार

बी.पी. वाढलं म्हणून डॉक्टरने मीठ कमी केलं आणि चालायला सांगितलं. तिसरं औषध सुगंधाने स्वतःच्या मनाने लावलं. म्हणाली, "अहो, ऑफिसातलं जे काय आहे ते वहीत लिहीत जा. रोज घरी येऊन माझ्या कानाशी भुणभुण नको." वही पण तिनेच दिली, आमच्या लेकीची, शिवांगीची, शाळेतली उरलेली. बायको ऐकत नाही म्हणून नवऱ्याने वहीला सांगायचं. ठीक आहे, वहीला सांगतो.

ऑफिसात झैन म्हणून नवा मुलगा आलाय. वय सत्तावीस, गाव खेडजवळ, शिक्षण पुण्यात. आमची इथली, आखातातली, अझैब्यातली कंपनी मासे वाहणाऱ्या थंड ट्रकांसाठी खोकी बनवते. एवढंसं काळं खोकं, आत छोटा कॉम्प्युटर. ट्रकमध्ये किती थंड आहे ते तो सिमकार्डवरून सारखं कळवत राहतो. त्या कॉम्प्युटरचा कर्नेल, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना कामाला जुंपणारा मूळ प्रोग्रॅम, गेली बारा वर्षं मी सांभाळतोय. एकटा. आणि आता आमचे अर्बाब, म्हणजे मालक, सालिम साहेब, म्हणतात की मासेवाल्या कंपनीकडची चाचणी नीट पार पडली की सॉफ्टवेअरला एक हेड नेमायचा. "धनेश या झैन. देखेंगे, इन्शाल्ला."

या झैन! जुम्मा जुम्मा आठ दिवस झाले त्याला येऊन.

मी सत्तेचाळीसचा आहे. या वयात काल आलेल्या पोराच्या हाताखाली बसू? आणि तो हेड झाला तर पुढच्या व्हिसाच्या वेळी मला कशाला ठेवतील? एक कर्नेलवाला पुरतो कंपनीला.

त्यात मला दादा म्हणतो. ऑफिसात सगळे मला सर म्हणतात, चहा आणणारासुद्धा धनेश सर म्हणतो. मी काय याचा दादा?

६ मे, मंगळवार

तो माबेल्यातच राहतो, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सालिम साहेब म्हणाले, धनेश, तुझी गाडी येतेच, याला पण घेत जा. म्हणजे पेट्रोल माझं, एसी माझा, आणि वर याच्या गप्पा.

आज हायवेवर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. हा म्हणतो, "दादा, तुमचे सगळे जुने पॅच वाचून काढले मी. अगदी पहिल्यापासून."

पॅच म्हणजे कर्नेलमध्ये केलेला बदल. प्रत्येक पॅचखाली मजकूर लिहायचा असतो: काय बदललं, का बदललं, कुठल्या खोक्यावर करून पाहिलं. मग करणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली तपासणाऱ्याचं नाव. तपासणाऱ्याच्या नावाशिवाय पॅच आत जात नाही, आणि एकदा आत गेला की मजकुराचा काना-मात्रा कोणाला बदलता येत नाही. ही आमच्या धंद्याची रीत. पण ते मजकूर कोण वाचतं? कोणी नाही. मी स्वतः माझे वाचत नाही.

"सगळे?" मी विचारलं.

"हो ना. एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, 'हे दिसायला घाणेरडं आहे, पण उन्हात टिकतं.' एवढं हसलो मी! पुण्यातल्या मित्रांना पाठवलं."

झालं. आता पुण्यात पण माझी शोभा. सुगंधाला सांगितलं की हा माझ्या जुन्या चुका हुडकून ठेवतोय, वेळ आली की बाहेर काढेल. ती म्हणाली, "कोणी आवडीने पण वाचतं हो." तिला काय कळतंय.

९ मे, शुक्रवार

सुगंधाने त्याला जेवायला बोलावलं. मला न विचारता. "एकटा मुलगा आहे, आपल्या कोकणातला आहे," म्हणे. सुरमईचं तिखलं, तळलेल्या तुकड्या, सोलकढी. बी.पी. असो नसो, सुरमईला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही, पण आज मोठ्या तुकड्या त्याच्या ताटात. वरून सुगंधा म्हणते, "लाजू नकोस रे, हे काय रोज खातातच."

ते पण सोडलं. शिवांगीचं काय? माझी मुलगी, चौदा वर्षांची. मी मराठीत काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "आय डोन्ट नो, बाबा," आणि कानात परत ती गाण्यांची बोंडं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चार वाक्यं मराठीत बोलायची आहेत तर महिनाभर मी मागे लागलोय. आज झैनशी तासभर मराठीत बोलली. तासभर! "झैनदादा, मी काल एवढी हसली ना." तो म्हणाला, "हसले." ती म्हणाली, "हसले." चिडली नाही, काही नाही. मी सुधारलं असतं तर दार आपटून गेली असती.

मी सुपारी कातरत बसलो. बोट कापलं.

१४ मे, बुधवार

चाचणीची खोकी बंद पडताहेत. तीन आठवडे झाले, माझा घाम निघतोय.

सुगंधा म्हणाली, मला कळेल असं सांगा तरी. म्हटलं, प्रत्येक चिपला एखादी खोड असते. बनवणाऱ्याने कुठेतरी माती खाल्लेली असते, पण हजारो चिपा बनून बाजारात गेलेल्या असतात, त्या काय परत घेतो तो? मग आम्ही कर्नेलमध्ये टीप घालून ठेवतो: अमुक नंबरची चिप दिसली की तिच्याशी असं वाग. नव्या सुनेला सांगतात ना, मोठ्या काकांच्या चहात साखर घालू नकोस आणि आत्याबाईंच्या समोर पंख्याचं बटण दाबू नकोस, तसंच. चिप बदलत नाही. आपणच जपून वागायचं.

"माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं की," ती म्हणाली. चांगलं कळलं तिला.

यावेळची खोड अशी. पाठवायला काही नसलं की सिमकार्डवाली चिप झोपते, बॅटरी वाचावी म्हणून. नव्या खोक्यांतली चिप उन्हात एकदा झोपली की उठतच नाही. मी तिला हळू उठवून पाहिलं, पुन्हा पुन्हा उठवून पाहिलं. ढिम्म. सालिम साहेब रोज दारात येऊन उभे राहतात. आज म्हणाले, "झैन को भी दिखाओ ना."

दाखवलं. मनावर दगड ठेवून दाखवलं.

१८ मे, रविवार

सापडलं त्याला.

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत. काय केलं, तर "दादा, गाडीची चावी देता का जरा" म्हणून घेऊन गेला, आणि बंद गाडीत, काचा वर करून, डॅशबोर्डवर खोकं ठेवलं. माझ्या गाडीत! माझ्या डॅशबोर्डवर! आणि मी इकडे ऑफिसातल्या एसीत बसून तीन आठवडे उन्हाचा रोग शोधत होतो. तो म्हणतो, हिला झोपूच द्यायचं नाही. झोपली नाही तर उठवायचा प्रश्नच नाही. नव्या खोक्यांना बॅटरी मोठी आहे, जागी राहिली तरी चालतं.

एवढं साधं. मला का नाही सुचलं? मला का नाही सुचलं हे लिहून लिहून पान भरेल.

सालिम साहेबांनी त्याला मिठी मारली. बारा वर्षांत मला एकदा खांद्यावर हात ठेवला होता, तो पण माझे वडील गेले तेव्हा. ऑफिसभर हलवा वाटला. मला बी.पी., मी नाही खाल्ला. झैन सगळ्यांना सांगत होता, "दादांनी अर्धं काम करून ठेवलं होतं, उरलेलं मी केलं." म्हणजे मला अर्धवट म्हणाला, सगळ्यांसमोर.

२० मे, मंगळवार

आज झैन म्हणाला, "दादा, सात-आठ वर्षांपूर्वीची जुनी खोकी अजून काही ट्रकांवर आहेत ना? एखादं आहे का टेस्टला? त्यातली चिप कशी वागते ते बघून घेतो."

शोधतो म्हणालो.

जुनं खोकं माझ्या खालच्या ड्रॉवरमध्येच आहे, लोणच्याच्या रिकाम्या बरणीच्या मागे. पण तो ड्रॉवर इतका भरलाय की आवरल्याशिवाय काढता येणार नाही. आवरीन सवडीने. आणि एवढा हुशार आहे तर त्याने शोधावं. सगळं याच्या हातात आयतं का द्यायचं? आम्हाला कोणी दिलं होतं?

२२ मे, गुरुवार

झैनने पॅच पाठवला, तपासून द्या म्हणून. उद्यापासून सुट्टी, त्याआधी सगळ्या ट्रकांवर चढवायचा आहे, साहेबांची घाई.

वाचायला घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला दिसलं. त्याने चिपचा नंबर लिहिलाय, पण शेवटचा आकडा लिहिलेला नाही. जुन्या आणि नव्या चिपचा नंबर एकच आहे, फरक फक्त त्या शेवटच्या आकड्यात. हे या ऑफिसात मला एकट्याला माहीत आहे, कारण जुनी खोकी मी स्वतः दुकमच्या बंदरावर जाऊन ट्रकांवर बसवली आहेत, पन्नास डिग्रीत. म्हणजे हा पॅच जुन्या खोक्यांतल्या चिपांनाही झोपू देणार नाही. आणि जुन्यांची बॅटरी लहान. इंजिन बंद करून ट्रक बराच वेळ उभा राहिला तर खोकं मरेल.

पण इंजिन बंद करून कोण बराच वेळ उभा राहतो? मासा आहे, कोणी थांबत नाही. आलं की उतरवतात. काही होणार नाही.

तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "दादा, तुमचं नाव आल्याशिवाय मी पॅच आत ढकलणार नाही हं. साहेब कितीही ओरडू देत." मला वाटलं सांगावं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात साहेब आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हमारा हीरो! यल्ला, खलास करो."

हीरो. मग हीरोला कळेल की आपोआप.

तपासणारा: धनेश. लिहून टाकलं. पॅच त्याचा, नाव त्याचं. तपासणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात असतं, ते कोण बघतो?

१ जून, रविवार

सगळे ट्रक नीट चालताहेत. मासेवाल्या कंपनीचा मॅनेजर फोनवर माशाअल्ला माशाअल्ला करत होता. झैनचं नाव घेत होता. मी स्पीकरच्या शेजारीच बसलो होतो.

घरी शिवांगी मंडळाचं भाषण पाठ करतेय. "झैनदादाने लिहून दिलं." मी दिलेला कागद फ्रिजवर लोहचुंबकाखाली तसाच आहे. मीठ कमी, भाषण त्याचं, गाडीत त्याच्या आवडीची गाणी. माझं काय उरलंय नेमकं?

सुगंधा म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय, बाकी काही नाही. ओवा खा."

१० जून, मंगळवार

ईदची सुट्टी संपली. ऑफिसच्या दारात बदरुद्दीन उभा.

बदरुद्दीन म्हणजे मासेवाल्या कंपनीचा ड्रायव्हर, श्रीवर्धनकडचा. जुनी खोकी बसवायला मी दुकमला जायचो तेव्हा त्याच्याच ट्रकमधून. वाटेत त्याच्याच डब्यातलं खायचो. त्याच्या ट्रकवर जुनंच खोकं आहे, मी माझ्या हाताने बसवलेलं.

झालं काय, तर ईदच्या आदल्या दिवशी तो सुरमई भरून दुकमहून निघाला. बरक्याला गोदामावर पोचला तर कुलूप, उतरवून घ्यायला माणूस नाही. त्याने इंजिन बंद केलं, थंड करणारं मशीन त्या मशीनच्या वेगळ्या टाकीतल्या डिझेलवर चालू ठेवलं, आणि ट्रकपाशीच थांबला. सबंध ईद तिथेच. गोदाम उघडल्यावर बघतात तर तापमानाची नोंद नाही. खोकं मेलेलं. त्यांचा नियम सरळ आहे, नोंद नाही तर माल घेत नाहीत. सगळी सुरमई फेकली. आणि मॅनेजर म्हणाला, तू वायर काढलीस, मशीन बंद ठेवलंस, डिझेल विकलंस. खलास. बिस्तरा बांध, तिकीट काढतो.

"साहेब, मी बंद केलं नाय. वाटल्यास कुरानावर हात ठेवतो. मासा लाकडासारखा गार होता हो!" माझा हात धरून बोलत होता. मला सांगत होता, कारण मला ओळखतो.

मी म्हटलं, बघतो.

झैनने सगळं ऐकलं, खुर्चीवर बसला, दहा मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं. मग उठला. चेहरा पांढरा. "बदरूचाचा, तुम्ही काही केलं नाही. माझ्या पॅचने केलंय. चला माझ्याबरोबर." टॅक्सी केली आणि त्याला घेऊन थेट मॅनेजरकडे गेला. साहेबांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. तिथे सांगून आला की चूक माझी आहे, या माणसाला कामावर घ्या. आणि घ्यायला लावलं.

खरं सांगू? त्या क्षणीही मला हेवाच वाटला. "माझी चूक" हे दोन शब्द याच्या तोंडून इतके सरळ कसे निघतात? मला कापलं तरी निघत नाहीत.

११ जून, बुधवार

सालिम साहेबांच्या केबिनमध्ये तिघे. साहेब संतापले होते. चाचणी हातची जाते की काय अशी वेळ. मला म्हणाले, "धनेश, नीचे तेरा नाम है. तूने क्या देखा?"

मी तोंड उघडलं, नाही असं नाही. पण माझ्याआधी झैनच बोलला. "सर, जुना बॉक्स ऑफिसमध्ये नव्हताच. दादांनी शोधला, मिळाला नाही. मग ते तरी काय चेक करणार? शेवटचा आकडा मी घालायला हवा होता."

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायलो.

साहेबांनी टेबलावर बोट वाजवलं. मग म्हणाले की घाई करणारा हीरो नको, जुनाजाणता माणूस हवा. हेड धनेश. दुरुस्तीचा पॅच पण धनेशच करेल. यल्ला.

झालो हेड. हेच हवं होतं ना?

परत येताना गाडीत झैन खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला राग आला असेल, मला मिळालं म्हणून, असं मी धरून चाललो होतो. सीबच्या पुढे आल्यावर म्हणाला, "दादा, बरं झालं तुम्हाला दिलं. मलाच शिकायचंय अजून. मी रात्रंदिवस तो पॅच परत परत बघणार होतो, पण तुमचं नाव खाली आलं आणि निर्धास्त झालो. परत बघितलंच नाही." मग म्हणाला, "शनिवारी मी दुकमला जातो. एका ट्रकमधलं जुनं खोकं उतरवून आणतो. दुरुस्ती टेस्ट करायला लागेल ना तुम्हाला."

मी म्हटलं, ऊन फार आहे रे. तो म्हणाला, "तुम्ही नाही का गेलात?"

त्याला हेही माहीत आहे. माझ्या जुन्या पॅचखाली लिहिलेलं वाचलंय त्याने.

१३ जून, शुक्रवार

सकाळी बदरुद्दीन घरी आला. सबंध सुरमई, हातभर लांब, बर्फात गुंडाळून. सुगंधाला म्हणाला, "भाभी, साहेब हेड झाले, आणि माझी नोकरी वाचली. झैनने सांगितलं खरं, पण मागे साहेबच असणार. पोराचं कोण ऐकतंय?" मी त्याला नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. चहा दिला.

सुगंधाने तुकड्या तळल्या. यावेळी मोठ्या माझ्या ताटात. घास तोंडात घातला आणि तो फिरेना. शिवांगी बघत होती. सुगंधाने तुकडी उचलून परत ठेवली आणि म्हणाली, "काय केलंत?" काय झालं असं नाही विचारलं. काय केलंत.

"काही नाही. मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

बाल्कनीत जाऊन झैनला फोन लावला. तो उद्याच्या गाडीची सोय करत होता. म्हटलं, दुकमला जाऊ नकोस. जुनं खोकं मिळालं.

"अरे वा! कुठे होतं, दादा?"

"सांगतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

१५ जून, रविवार

दुरुस्ती झाली. काय ती, एक आकडा. नंबरच्या शेवटी एक आकडा घातला की नवी चिप जागी राहते, जुनी झोपते. खोकं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाहिलं, त्याच्याच युक्तीने. बरोबर चालतंय.

अडलं ते मजकुरात. कुठल्या खोक्यावर तपासलं, ते लिहायलाच हवं. "जुन्या खोक्यावर तपासलं" एवढं लिहिलं की झैन विचारणार, कुठे होतं. स्टोअरमध्ये सापडलं, असं लिहिता येतं. तसं लिहिलं पण. वाचून पाहिलं. चांगलं वाटत होतं, खरंच वाटत होतं. सालिम साहेब मजकूर वाचत नाहीत. मॅनेजर वाचत नाही. जगात एकच माणूस माझा प्रत्येक मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचतो, आणि मी त्याच्यावर जळत बसलो. तो चुका हुडकत नव्हता रे धनेश, तो वाचत होता. बारा वर्षांत पहिला वाचक मिळाला होता.

पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. चहावाला दोनदा येऊन गेला. शेवटी असं लिहिलं:

"जुन्या खोक्यावर तपासलं. हे खोकं सुरुवातीपासून माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. आधीच्या पॅचमधली चूक मला तपासतानाच दिसली होती. मी सांगितली नाही आणि नाव लिहिलं. चूक करणाऱ्याची नाही, तपासणाऱ्याची आहे. धनेश."

तपासायला झैनकडे पाठवला. बटण दाबल्यावर वाटलं, परत घ्यावा. अजून आत गेला नव्हता, घेता आला असता. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

सालिम साहेबांना वेगळं काही सांगितलेलं नाही. लिहिलंय की. वाचायचं असेल तर वाचतील.

१६ जून, सोमवार

दुपारी झैन टेबलापाशी आला. मजकूर वाचला होता, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो, जरा मोकळं झालं असतं. तो वाकला, खालचा ड्रॉवर स्वतःच उघडला. बरणी बाजूला केली. खोकं बाहेर काढून हातात फिरवून पाहिलं. मागे माझ्या अक्षरात तारीख आहे, ती अंगठ्याने पुसून वाचली.

म्हटलं, "झैन, ऐक माझं."

"हेच का ते खोकं, सर?"

"हो," म्हणालो.

"दोन दिवस उन्हात ठेवून बघतो. मग नाव लिहितो." आणि घेऊन गेला.

सर म्हणाला. सगळ्यांसारखं.

१८ जून, बुधवार

पॅच आत गेला. खाली, तपासणारा: झैन. त्याने एक शंका काढली होती, ती बरोबर होती, मी दुरुस्त केली. मजकुरातला एक शब्द बदलला नाही त्याने. आता तो कायमचा तिथेच. दारावर माझ्या नावाची नवी पाटी लागली आहे, हेड म्हणून.

सकाळी त्याच्या गल्लीत हॉर्न वाजवला तर मेसेज आला, "बसने निघालोय, सर. थँक यू." येताना पण सीट रिकामी. आपल्याच गाडीत एकटं बसायला मिळावं म्हणून महिनाभर तळमळत होतो मी. त्याची गाणी अजून तशीच आहेत. बंद करायला गेलो आणि राहू दिली.

घरी आलो तर शिवांगी भाषण घेऊन दारातच. कानात बोंडं नव्हती. "बाबा, झैनदादा आता आपल्याकडे का येत नाही? तुमचं भांडण झालं का?"

सबंध मराठीत. एक इंग्रजी शब्द नाही, एक चूक नाही. माझ्याशी.

मी बूट काढत राहिलो. म्हटलं, "आय डोन्ट नो, बेटा."